तेवढ्यापुरतं

मला किळस फार लवकर येते. लहानपणी दुधावरची साय ओठाला लागली की मी पेला तसाच खाली ठेवायची. लग्नाच्या पंगतीत शेजारच्यानं भुरका मारला की माझं जेवण तिथंच संपायचं. आई म्हणायची, "हिचं नाक लई वर हाय, सासरी कसं व्हायचं हिचं?" सासरी काही झालं नाही. जे झालं ते शाळेत झालं.

मी गणित शिकवते. शहरातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत अकरा वर्षं शिकवत होते. तिथं दर वर्षी संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस साजरा व्हायचा. पोरांना सकाळपासून मैदानात उन्हात उभं करून त्यांच्या नावाची अक्षरं तयार करायची, वरून ड्रोननं फोटो काढायचा, आणि मग स्टाफरूममध्ये केक. तो केक अध्यक्ष स्वतः भरवायचे. चमचा नाही, कागदी बशी नाही, सरळ बोटांनी. आम्ही सगळ्या शिक्षिका ओळीनं उभ्या. एकीच्या तोंडात गेलेली बोटं तशीच पुढचीच्या तोंडात. त्या वर्षी माझा नंबर बराच मागं होता. ती बोटं माझ्यापर्यंत आली तोवर त्यांच्यावर क्रीमबरोबर कुणाची तरी लिपस्टिकही लागली होती. मी तोंड उघडलं. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, स्माइल," आणि मी हसलेसुद्धा.

घरी येऊन तीनदा दात घासले. बोटांची किळस दोन दिवसांत गेली. आपण तोंड उघडलं, याची मात्र गेली नाही. पडेगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये आरशासमोर उभी राहून मी स्वतःला म्हणाले, बाई, आता बास. मला फार काही नको होतं. जिथं नीट गणित शिकवता येईल आणि संध्याकाळी आरशात बघताना मान फिरवावीशी वाटणार नाही, अशी एक नोकरी हवी होती. इथल्या इथं शाळा बदलून काय होणार? अध्यक्ष बदलले असते, बोटं तीच राहिली असती. म्हणून बाहेरच्या देशात जायचं डोक्यात घेतलं. मूलबाळ नाही. नवरा वाळूजला कंपनीत सुपरवायझर आहे. तो म्हणाला, "जा तू. वर्षभरानं मी पण बघतो तिकडं काही." अडवणारं कोणी नव्हतं.

उस्मानपुऱ्यात एका गाळ्याच्या वर, शिक्षकांना परदेशी पाठवणाऱ्या एका एजंटचं ऑफिस होतं. जिना चढतानाच गुलाबाच्या रूम फ्रेशनरचा वास यायचा, आणि आत गेलं की त्या गुलाबाखाली दडलेला गुटख्याचा. एकवेळ नुसता गुटखा मी सहन केला असता. भिंतीवर विमानांची चित्रं आणि हसऱ्या गोऱ्या पोरांचे फोटो. एजंट तिशीतला, गळ्यात सोन्याची साखळी, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. दर दोन वाक्यांनी "टेन्शन नाय घ्यायचं" म्हणायचा आणि टेबलाखालच्या डब्यात थुंकायचा.

त्यानं मला आखातातल्या एका इंटरनॅशनल शाळेचा अर्ज दिला. तिसऱ्या पानावर एक मोठी चौकट होती. तुमची वैयक्तिक मूल्ये कोणती, आणि आमची शाळा त्यांच्याशी कशी जुळते, ते तीनशे शब्दांत लिहा. मी पेन टेकवलं आणि पुढं काही सुचेना. मूल्य म्हटल्यावर मला फक्त मूल्यशिक्षणाचा तास आठवत होता. आमच्या शाळेच्या वेळापत्रकात तो दर शुक्रवारी होता. अकरा वर्षांत माझ्या वर्गात तो तास एकदाही झाला नाही, कारण गणिताचा पोर्शन पुरा करायला तो मीच मागून घ्यायची. कुणी तपासायला येणार असलं की पोरांकडून वहीत 'वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता' असं एका दमात उतरवून घ्यायचं, वरती निरनिराळ्या तारखा टाकायला लावायच्या, आणि पुन्हा समीकरणं. अशा बाईनं स्वतःच्या मूल्यांवर तीनशे शब्द काय लिहायचे? अजूनही मी असे अर्ज भरते, आणि आता त्या चौकटीत काय लिहायचं ते मला माहीत आहे. पण तेव्हा नव्हतं.

एजंट म्हणाला, "मॅडम, ते नका भरू. रेडी आहे आपल्याकडं." त्यानं संगणकावर एक फाइल उघडली, माझं नाव घातलं आणि कागद माझ्यापुढं सरकवला. इंग्रजी छान होतं. प्रामाणिकपणा, करुणा, आजन्म शिकण्याची ओढ, सगळं ठासून भरलेलं. शेवटून दुसऱ्या ओळीत मात्र मला लहानपणापासून फिजिक्सचं वेड असल्याचं लिहिलेलं होतं. मी दाखवलं तर तो हसला. "सॉरी, आधीच्या सरांचं राहून गेलं." बाजूच्या खुर्चीवर कन्नड तालुक्यातून आलेल्या एक हिंदीच्या बाई बसल्या होत्या. त्यांच्या हातातला कागद मी तिरक्या नजरेनं वाचला. तीच करुणा, तीच ओढ, शब्दाला शब्द. आम्हा सगळ्यांची मूल्यं त्या एका फाइलीतून निघत होती. मला हसू यायला हवं होतं. मला खरकट्या ताटात जेवायला वाढल्यासारखं वाटलं. तरी मी फिजिक्स खोडून मॅथ्स केलं आणि खाली सही ठोकली.

मग तो बाकीचे रकाने संगणकावर भरायला लागला. जन्मगाव, शिक्षण, अनुभव. खाण्याच्या रकान्याशी थांबून म्हणाला, "व्हेज लिहू ना?"

"नाही, आम्ही सगळं खातो."

त्याची बोटं कीबोर्डवर थांबली. "मॅडम, शाळा तिकडं आहे, पण चालवणारे आपल्या इकडचेच लोक आहेत. स्टाफ क्वार्टर प्युअर व्हेज. दोन मॅडममध्ये एक किचन. व्हेज लिहू. तेवढ्यापुरतं."

तेवढ्यापुरतं. पुढच्या पंधरा दिवसांत हा शब्द मी इतक्या तोंडांतून ऐकला, की आता तो कुणी साधा पाहुण्यांसाठी सतरंजी मागताना वापरला तरी माझ्या कपाळावर आठ्या येतात. फार सोयीचा शब्द आहे आपला. काही घाण करायची असली की तिच्यावर झाकण म्हणून ठेवायचा. झाकण ठेवलं की वास येत नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे.

मी काही बोलायच्या आत त्यानं माझ्या आडनावावर बोट ठेवलं. "आडनाव मात्र मस्त आहे तुमचं. दोन्हीकडं चालतं. कोणाला समजत नाय." आम्ही बौद्ध. आमचं आडनाव आमच्यात आहे तसंच जमीनजुमलेवाल्या मराठ्यांतही आहे, आणि नुसत्या आडनावावरून आम्ही कोण ते कळत नाही. ही गोष्ट या माणसानं माझ्या दाखल्यांवरून हेरली होती आणि आता ती माझ्याच गुणांच्या यादीत घालत होता. माझ्या जुन्या प्रमाणपत्रांवर औरंगाबाद होतं, नव्या कागदांवर छत्रपती संभाजीनगर, आणि दोन्ही एकच म्हणून प्रतिज्ञापत्र जोडावं लागलं होतं. ते हातात घेऊन तो म्हणाला, "शहराला दोन नावं चालतात, मॅडम, तर माणसाला काय प्रॉब्लेम आहे?" स्वतःच्या विनोदावर खूश होऊन तो डब्यात थुंकला. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. मी म्हणाले, "लिहा."

शाळेच्या वेबसाइटवर वर्गात मोजकीच मुलं दिसत होती, भिंतीभर फळे होते, गणिताची वेगळी खोली होती. ती खोली मला हवी होती. त्याच वेबसाइटवर 'आमची मूल्ये' असंही एक पान होतं. आदर, सचोटी, सर्वांना सामावून घेणं. ते मी दोनदा वाचलं होतं, आणि खरं सांगते, भरून आलं होतं.

व्हिडिओवरची मुलाखत एका रविवारी सकाळी ठरली. त्या दिवशी मी जे केलं ते कुणाला सांगितलेलं नाही. आधी खिडक्या उघडल्या. आईनं पाचोडच्या बाजारातली सुकट भाजून डब्यात भरून दिली होती, तो डबा ओट्यावरून उचलला, पिशवीत घातला आणि पिशवी बाहेर गॅलरीत नेऊन ठेवली. वास काय स्क्रीनमधून समुद्रापार जाणार होता? गणित शिकवणारी बाई मी. पण हात थांबले नाहीत. मग हॉलमध्ये आले. माझ्या खुर्चीच्या मागं, कॅमेऱ्यात बरोबर येईल अशी, आमची तसबीर होती. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. आमच्या प्रत्येक घरात असते ती. मी स्टुलावर चढले आणि ती खिळ्यावरून काढली. भिंतीवर तिच्या आकाराचा उजळ चौकोन राहिला, तो लपवायला वर जगाचा नकाशा चिकटवला. तसबीर बेडवर ठेवली. सरळ ठेवली तर ती माझ्याकडं बघत होती, म्हणून पालथी ठेवली.

नवरा दारात उभा राहून बघत होता. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "असू दे. तेवढ्यापुरतंच तर आहे. माझ्या कंपनीत तरी कुणाला माहीत आहे? त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही." दहा वर्षं त्या कंपनीत आहे तो. त्याच्याकडं बघून मला राग यायला हवा होता. पण नकाशाला चिकटपट्टी लावणारे हात माझे होते.

मुलाखत सुरेख झाली, हेच तर दुखणं. पलीकडं मुख्याध्यापिका होत्या आणि संस्थेचे एक गृहस्थ. त्यांनी मला दहा मिनिटं काहीही शिकवून दाखवायला सांगितलं. मी भाकरी घेतली, म्हणजे कागदाची. चार भाकरी आहेत, प्रत्येकाला अर्धी द्यायची, तर किती जण जेवतील? आठ. म्हणजे चाराला अर्ध्यानं भागलं की आठ येतात, भागूनही वाढतात, असं का? मुख्याध्यापिका खुर्चीत पुढं सरकल्या. "मला शाळेत हे कुणी असं सांगितलंच नाही," म्हणाल्या. त्या क्षणी मी नकाशा, डबा, सगळं विसरले. अकरा वर्षांत माझ्या शिकवण्याकडं असं कुणी पाहिलं नव्हतं.

शेवटी आभारप्रदर्शन चाललं असताना स्क्रीन गोठला. दोघांचे चेहरे तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजले, आवाज तुटायला लागला. "हॅलो? हॅलो?" मी ओरडले. पाचोडला अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन लावला की रोज हेच होतं. त्यांच्या घराच्या भिंती जाड, रेंज येते जाते, आणि मग दोघंही ओरडून ओरडून एकच वाक्य बोलतो नि फोन ठेवतो. ते वाक्य माझ्या तोंडातून आपोआप निघालं. "बरं, ठेवते मग, जय भीम!"

स्क्रीन तेवढ्यात चालू झाला. त्यांनी ऐकलं होतं. गृहस्थांनी मुख्याध्यापिकांकडं पाहिलं, त्यांनी खाली कागदाकडं. "थँक यू," त्या म्हणाल्या, आणि कॉल बंद झाला. मी नकाशासमोर बसून राहिले.

पाच मिनिटांत एजंटचा फोन. "मॅडम, ये क्या कर दिया तुमने! एवढं चांगलं चाललं होतं. तेवढ्यापुरतं तोंड आवरायला काय झालं होतं?" मी फोन कट केला आणि गॅलरीतून सुकटीचा डबा आत आणला. त्यातली मूठभर तशीच उभ्यानं खाल्ली. मी रडत होते की काय ते आठवत नाही, पण खारट लागली.

तिथंच संपलं असतं तर बरं होतं. त्यांनी मला नाकारलं असतं, मी त्यांना चार शिव्या घातल्या असत्या, आणि स्वच्छ झाले असते. तसं झालं नाही. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी स्वतः फोन केला. मूळच्या आपल्याच भागातल्या होत्या, मराठी अगदी गोड. "तुमची निवड झाली आहे हं. गणिताला अशी शिक्षिका शोधून सापडत नाही." मी आभार मानले. मग त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही गैरसमज करून घेऊ नका. आम्ही स्वतः तसलं काही मानत नाही. पण पालक कसे असतात, तुम्हाला माहीतच आहे. शिवाय तुमच्यासोबत राहणार आहेत त्या मॅडम जरा सोवळ्यातल्या आहेत. तर तुम्ही स्वतःहून काही बोलायला नको. पहिलं वर्षभर. तेवढ्यापुरतं. आडनावाचा तर काही प्रश्नच नाही तुमच्या."

किती नाजूकपणे बोलल्या. केकवाल्या अध्यक्षांच्या बोटांवर निदान लिपस्टिक दिसत तरी होती. ही बोटं धुतलेली होती, नखं कापलेली होती, आणि ती त्याहून आत, पार घशापर्यंत गेली. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "ठीक आहे, मॅडम." फोन ठेवल्यावर मला स्वतःची इतकी शिसारी आली, की अंगावरचा गाऊनसुद्धा नकोसा झाला. दुपारपर्यंत पत्र आलं. सही करून चार दिवसांत पाठवायचं होतं. सोबत क्वार्टरचे फोटो होते. मोठी खोली, पांढरे पडदे, समोर गॅलरी. भेटीला कोण येणार त्याचाही एक कागद होता. त्यात मी अण्णांचं नाव घातलं. का घातलं? आता सगळं ठरलंच आहे, असं मला स्वतःला दाखवायचं होतं बहुतेक.

सही केली नाही, फाडलंही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून पाचोडला गेले.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट आमच्या सगळ्या नात्यागोत्यात सांगितली जाते. निवृत्तीच्या कार्यक्रमात तर माईकवरून सांगितली होती. नोकरीला लागले तेव्हा त्यांना कन्नडच्या पुढं, घाटाच्या अंगाला एक गाव मिळालं. गावात आम्हाला खोली कोण देणार? कुणीतरी सुचवलं, आडनाव चालतं, खोटं सांग. अण्णांनी साफ नकार दिला. कन्नडला राहिले आणि दोन वर्षं रोज पायी जाऊन-येऊन शाळा केली. मी ही गोष्ट ऐकत मोठी झाले. पत्रावर सही करायला हात उठत नव्हता, तो तिच्यामुळंच. आणि खरं सांगायचं तर त्या गोष्टीचा मला रागही आला होता. बापानं एवढं ताठ राहून लेकीची पंचाईत करून ठेवली होती.

आई बाजाराला गेली होती. अण्णा ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मी शेजारी बसले आणि बातमी सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "खोली बरी हाय का तिकडली?"

"चांगली आहे अण्णा. मोठी आहे. गॅलरी आहे, हवा येते."

ते शेंगा फोडायचे थांबले. का थांबले ते मला कळलं नाही. मला वाटलं, माझ्या आवाजावरून त्यांनी ओळखलं. मग मी सगळंच सांगून टाकलं. रकाना, आडनाव, सुकट, नकाशा, पालथी तसबीर, मॅडमचा फोन, माझं 'ठीक आहे', भेटीच्या कागदावर घातलेलं त्यांचं नाव. शेवटी मी म्हणाले, "तुम्ही खोलीसाठी खोटं बोलला नाहीत अण्णा. आणि मी बघा."

त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाले, "माय, ती गोष्ट खरी नाय."

"कोणती?"

"खोली भेटली नाय, ही. खोली भेटली व्हती. तीन हप्ते राह्यलो म्या तिथं."

"तीन हप्ते?"

"घरमालकानं आडनाव इचारलं. म्या सांगितलं. तो म्हणला, म्हंजी आपल्यातलेच की. म्या गप बसलो. म्हणलं, रोज एवढं चालत कोण यील. तेवढ्यापुरतं राहू." त्यांनी एक शेंग उचलली, फोडली नाही. "तिसऱ्या हप्त्यात माझा बाप आला. यष्टीनं. भाकरीचं गठुडं घिऊन. मालक ओट्यावर बसलेला, बाजूला म्या. मालक म्हणला, मास्तर, हे कोण? अन म्या म्हणलं, आमच्या शेतावरला गडी."

ओट्यासमोरून एक जीप गेली. अण्णा ती लांब जाईपर्यंत थांबले.

"बापानं माझ्याकडं पाह्यलं. एकदाच. अन व्हता तिथंच, खालीच उभा राह्यला. मला म्हणला, राम राम मालक, घरून बाईसायबांनी भाकरी धाडल्यात. मला म्हणला, मालक. मंग घरमालकानं त्याला जात इचारली. त्यानं खरी सांगितली. त्याची त्याची. मालकीण तांब्या घिऊन आली अन वरून पाणी वतलं त्याच्या वंजळीत. तो पेला. म्या ओट्यावर बसून पाहत व्हतो."

आजोबांना मी पाहिलेलंसुद्धा नाही. पण ती ओंजळ मला दिसत होती, आणि कोपरावरून गळणारं पाणी.

"काही बोलले नाहीत ते?"

"गाडीपर्यंत सोडाया गेलो. वाटंत काय बोलला नाय. गाडीत चढताना म्हणला, खोली बरी हाय. हवा येती."

मग त्यांनी ती शेंग फोडली आणि दाणे सुपात टाकले. "दुसऱ्या दिशी खोली सोडली. लोकांला सांगितलं, खोलीच भेटली नाय. ते बी खोटंच. तवापासून बघ, कुठं बी गेलो तरी म्या आधी जय भीम म्हणतो. दुकानात, बँकेत, फोनवर. तुमाला वाटतं, अण्णाला लई अभिमान. अभिमान नाय माय. भ्या वाटतं. पुन्यांदा तोंडातून गडी निघंल, ह्याचं."

मी त्यांच्यापुढच्या शेंगा फोडायला लागले.

"तू जा," ते म्हणाले. "म्या नको नाय म्हणत. शिकलेली हाईस, तुझं तू ठरव. त्या कागदावर माझं नाव घातलंस म्हणतीस, म्हणून इचारतो. म्या आलो, तर त्या मॅडमपुढं कोण म्हणून उभं राहायचं, तेवढं आधी सांगून ठेव. म्हंजी चुकायचं नाय."

ते टोमणा मारत नव्हते. खरंच विचारत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, लेकीचं काम आपल्यामुळं बिघडू नये म्हणून पाठ करून जायला तयार होता.

परतीच्या एसटीची वाट बघत पाचोडच्या स्टँडवर उभी राहून मी एजंटला फोन लावला आणि नोकरी नको म्हणून सांगितलं. तो उखडलाच. "मॅडम, दिमाग खराब आहे का? लोक पाया पडतात अशा शाळेसाठी. अहो, एका वर्षाचा तर सवाल आहे. तेवढ्यापुरतं."

"आमच्या घरात ते एकदा तेवढ्यापुरतं करून झालंय," मी म्हणाले.

"म्हणजे?"

मी जय भीम म्हणून फोन ठेवला.